सोनाराची सुई

एका स्मृतिव्याख्यानाचा मजकूर

सणवार नसताना भल्या पहाटे घरात दूध-जिलेबी आली, तर साताऱ्या-सांगलीकडच्या जुन्या घरांत त्याचा अर्थ ठरलेला असे. कोणाची तरी अर्धशिशी उठली आहे. सूर्य उगवायच्या आत रोग्याने ती खायची आणि पुन्हा अंधाऱ्या खोलीत जाऊन पडायचे. जिलेबीने भागले नाही तर नाकात कोमट तुपाचे थेंब, कपाळावर सुंठीचा लेप, डोक्याभोवती करकचून आवळलेले फडके. तेवढ्यानेही उतरले नाही तर कोणी माहीतगार कानशिलावर डाग देई. कानाची पाळी वरच्या अंगाला टोचून घेतली की अर्धशिशी कायमची जाते, असे सांगणारेही होते आणि अजून आहेत.

यातले काय लागू पडते आणि काय नाही, हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. दुखणाऱ्या डोक्यावर उपाय म्हणून कातडीला टोचावे, भाजावे, आवळावे ही कल्पना आपल्याकडे चीनमधून आलेली नाही. ती इथल्याच मातीतली आहे. म्हणूनच अ‍ॅक्युपंक्चर हा शब्द उच्चारताना जीभ अडखळली, तरी त्यातली सुई इथे कोणाला परकी वाटत नाही.

शब्दाचेही तसेच. अर्धशिशी म्हणजे अर्धे डोके. ग्रीकांनी याच दुखण्याला ‘अर्धी कवटी’ म्हटले. त्यांचा ‘हेमिक्रानिया’ फ्रेंचांच्या तोंडी झिजत झिजत ‘मायग्रेन’ झाला आणि इंग्रजांच्या हातून आपल्याकडे आला. आयुर्वेदात अर्धावभेदक आहे. सुश्रुताने शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले, त्यांत सूर्यासोबत चढणारा आणि सूर्यासोबत उतरणारा सूर्यावर्तही आहे. जिलेबीला सूर्योदयापूर्वीचा मुहूर्त मिळाला तो बहुधा याच सूर्यावर्ताच्या आठवणीतून.

दुखणे मात्र साधे नाही. डोक्याच्या एका बाजूला नाडीच्या ठेक्यावर ठणका लागतो, तो चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकू शकतो. मळमळते, उलटी होते. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर नकोच नको. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसतात आणि अर्ध्या तासाने ठणका सुरू होतो. जगात शंभर कोटींहून अधिक माणसे या दुखण्याची धनी आहेत. आपल्या शेजारचा आकडा हवा असेल, तर जत तालुक्याची शीव ओलांडली की सुरू होणाऱ्या कर्नाटकातला घ्यावा. बंगळूर शहर आणि त्याच्या आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन १८ ते ६५ वयाच्या दोन हजारांवर माणसांची पाहणी झाली. ती २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचे प्रमाण तिच्यात २५ टक्क्यांच्या घरात निघाले, म्हणजे चारांत एक. बायकांत ते पुरुषांपेक्षा बरेच जास्त. सांगलीचे हवापाणी, उन्हाळा आणि रानातले कष्ट बंगळुरी खेड्यांपेक्षा काही सौम्य नाहीत, तेव्हा हा आकडा इथे फार खाली येईल असे मानायला आधार नाही. या सभागृहातल्या खुर्च्या मोजल्या तरी पुरे.

आता सुईकडे वळताना एका गैरसमजाचा निकाल आधी लावायला हवा.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचे नाव निघाले, की पाठोपाठ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव येते. सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेला, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला हा तरुण १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होता. पथकाचे प्रमुख डॉ. मदनमोहनलाल अटल. सोबत नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी. पाचांत दोन मराठी माणसे होती, ही गोष्ट चोळकरांच्या बाबतीत आपण सहसा विसरतो. जपानी फौजांशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर कोटणीसांनी आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा सांभाळली, तिथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच देह ठेवला. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि ते घराघरांत पोचले.

पण कोटणीसांचे हत्यार सुरी होती, सुई नव्हे. सुई भारतात आणली ती त्यांच्या पथकातल्या बसूंनी. ते १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केले. पुढे या उपचाराचे कार्यकर्ते कोटणीसांच्या नावाभोवती जमले. लुधियानातले अ‍ॅक्युपंक्चरचे रुग्णालय त्यांचेच नाव लावते. म्हणजे सुई एकाची, नाव दुसऱ्याचे. भिंतीवर कोटणीसांची तसबीर असली तर सुई टोचण्याआधीच निम्मे काम होते, असे कोणी म्हटले तर ती नुसती थट्टा समजू नये. पुढे याच मुद्द्याशी परत यायचे आहे.

या चरित्रात आणखी एक धागा आजच्या विषयाला येऊन मिळतो. कोटणीसांचा अंत अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या झटक्यांनी झाला. अपस्मार आणि अर्धशिशी हे मेंदूतले शेजारी आहेत. दोन्हींत मेंदूच्या पेशी प्रमाणाबाहेर चाळवतात. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही औषधे मुळात अपस्मारावरची, आज ती अर्धशिशी टाळण्यासाठीही देतात.

अर्धशिशीत होते काय, याचे उत्तर गेल्या ऐंशी वर्षांत बदलत गेले. पूर्वी डॉक्टर सांगत, की डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि ठणकतात. १९४४ मध्ये ब्राझीलच्या लेआऊ यांना सशाच्या मेंदूवर एक विचित्र लाट दिसली. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला काही मिलिमीटर अशा गोगलगायीच्या गतीने ती सरकत जाते आणि मागे पेशी काही काळ गप्प पडतात. ठणक्याआधीच्या नागमोडी रेघा बहुधा याच लाटेच्या. नंतर लक्ष गेले ट्रायजेमिनल मज्जातंतूकडे. कपाळ, डोळा, जबडा आणि मेंदूभोवतीचे आवरण यांची खबर तोच मेंदूला पोचवतो. झटक्यात त्याची टोके ‘सीजीआरपी’ नावाचे एक प्रथिनासारखे द्रव्य सोडतात, त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दुखण्याचा निरोप वर जातो. या शोधासाठी एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसेन या चौघांना २०२१ चे ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले. सीजीआरपीला अडवणारी इंजेक्शने २०१८ पासून बाजारात आहेत. त्यांची किंमत ऐकूनच डोके दुखावे, अशी.

सुया तेवढ्या महाग नाहीत. केसाहून जाड, पाव मिलिमीटर व्यासाच्या, एकदा वापरून टाकून द्यायच्या. अर्धशिशीसाठी त्या मुख्यतः मानेच्या मागे कवटीच्या कडेखालच्या खळग्यात, कानाच्या वर, कानशिलावर आणि अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यात टोचतात. वीस-तीस मिनिटे तशाच ठेवतात. आठवड्याला एक-दोन बैठकी, सगळ्या मिळून आठ-दहा. डोक्याची बाजू चिनी शास्त्राप्रमाणे पित्ताशयाच्या वाहिनीची. इथे मराठी माणूस कान टवकारतो. कारण अर्धशिशीला आपल्या घरांत ‘पित्ताचं डोकं’ म्हणतात, आणि उलटीत पिवळे पाणी पडले की मोकळे वाटते हा अनुभव आई-आजींनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेला. दोन संस्कृती एकमेकींना न विचारता पित्तापाशीच येऊन थांबल्या. याचे कारण दोघींनी उलटीचे तेच भांडे पाहिले हे असावे. पित्ताशयात अर्धशिशीचे मूळ आहे असा याचा अर्थ होत नाही, आणि सीजीआरपीच्या काळात तसा कोणी काढूही नये.

मग सुई खरोखर चालते का? या प्रश्नाला सर्वांत मोठा हात जर्मनीने घातला, आणि तिथे जे घडले ते एखाद्या नाटकात शोभेल.

नव्या औषधाची परीक्षा करताना अर्ध्या रोग्यांना खरी गोळी देतात, अर्ध्यांना खडीसाखरेसारखी निरुपद्रवी. कोणाला काय मिळाले हे कोणालाच कळू देत नाहीत. सुईचे काय करायचे? टोचली की कळतेच. यावर तोड निघाली ती लुटुपुटूच्या सुईची. कधी खरीच सुई, पण शास्त्रात न सांगितलेल्या जागी आणि अगदी वरवर टोचलेली. कधी बोथट टोकाची, मुठीत सरकणाऱ्या नाटकी सुरीसारखी. कातडीला टेकली की मागे सरकते, रोग्याला मात्र टोचल्यासारखे वाटते.

जर्मनीतल्या १८ केंद्रांत ३०२ रोग्यांवर झालेली एक परीक्षा २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. शास्त्रोक्त सुई घेतलेल्या ५१ टक्के रोग्यांच्या दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले. लुटुपुटूच्या सुईने ५३ टक्क्यांचे आले. नुसते यादीत थांबवून ठेवलेल्यांत हेच प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे सुई जबरदस्त चालली. चुकीच्या जागी टोचली तरीही.

पुढच्याच वर्षी ९६० रोग्यांची त्याहून मोठी परीक्षा आली. तिच्यात तिसऱ्या गटाला नेहमीची प्रतिबंधक औषधे होती. निम्म्यावर आलेल्यांचे प्रमाण शास्त्रोक्त सुईत ४७, लुटुपुटूच्या सुईत ३९ आणि औषधांत ४० टक्के. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतच राहिला. या परीक्षेतला खरा ऐवज मात्र निकालाच्या तक्त्यात नाही. चिठ्ठ्या टाकून गट ठरले त्याच क्षणी १२५ जणांनी अंग काढून घेतले, आणि त्यांतले १०६ जण औषधांच्या गटातले होते. मंडळी सुईसाठी आली होती. गोळ्या त्यांना घरीही मिळत होत्या.

चीनमधल्या अलीकडच्या दोन परीक्षांत शास्त्रोक्त सुईला थोडे झुकते माप मिळाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकीत २४९ रोगी होते. तिथे महिन्याचे झटके खऱ्या सुईने ३.२ ने, लुटुपुटूच्या सुईने २.१ ने आणि थांबवून ठेवलेल्यांत १.४ ने घटले. २०२० मधल्या दुसरीत मुद्दाम अशीच माणसे घेतली, ज्यांनी आयुष्यात कधी अ‍ॅक्युपंक्चर घेतलेले नव्हते. खरी आणि खोटी सुई त्यांना ओळखता येऊ नये हा हेतू. तिथेही दुखण्याचे दिवस खऱ्या सुईने साडेतीनने, तर लुटुपुटूच्या सुईने २.४ ने घटले. अशा परीक्षांचा गोषवारा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये, म्हणजे या दोन्हींच्या आधी, २२ परीक्षा आणि जवळपास पाच हजार रोगी एकत्र घेऊन काढला होता. दुखणे निम्म्यावर येणाऱ्यांचे प्रमाण सुईने ५० टक्के आणि लुटुपुटूच्या सुईने ४१. काहीच न केलेल्यांशी तुलना केली तर ४१ विरुद्ध १७. आणि प्रतिबंधक गोळ्यांशी केली तर तीन महिन्यांनी ५७ विरुद्ध ४६.

मराठीत एक म्हण आहे: कान टोचायचे तर सोनारानेच टोचावेत. दुसऱ्या कोणी सांगितलेले कानाआड जाते, योग्य माणसाने सांगितले की बरोबर लागते. वरच्या आकड्यांत सोनाराचा वाटा किती आणि सुईच्या टोकाचा किती, याचा हिशेब करून पाहता येतो. काहीच न करण्यापासून लुटुपुटूच्या सुईपर्यंतची मजल मोठी आहे. लुटुपुटूपासून शास्त्रोक्त सुईपर्यंतचे अंतर आहे, पण ते वीतभर. अंधाऱ्या खोलीत वर्षानुवर्षे ‘नाटकं करते’ हे ऐकलेल्या बाईला कोणी समोर बसवते, कुठे दुखते ते बोट लावून विचारते, अर्धा तास शांत निजवते आणि पुढच्या मंगळवारी या म्हणते. हा सोनार आहे.

याला प्लासिबो, म्हणजे खोट्या उपचाराचा गुण, म्हणून निकालात काढणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहावा. अर्धशिशीवरच्या परीक्षांमधले सगळे खोटे उपचार एकत्र करून २०१३ मध्ये मोजले गेले. खोट्या गोळीने २२ टक्के रोग्यांना गुण आला, खोट्या सुईने ३८ आणि खोट्या शस्त्रक्रियेने तब्बल ५८ टक्क्यांना. खोट्यातही उतरंड असते तर. कातडीला जितके जास्त लागेल तितका गुण जास्त. डाग देणाऱ्या माहीतगाराला हे कोणत्याही नियतकालिकाने सांगायची गरज पडली नसती.

पण सोनारावर सगळे सोपवून मोकळे होणे हाही आळसच. सुई कातडीत शिरते तेव्हा शरीरात काही घडते, आणि ते बरेचसे मोजले गेले आहे.

मिरजेची सतारीची दुकाने पाहिलेल्याला यातली पहिली गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. सतारीत वाजवायच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. वरची तार छेडली की त्या न छेडताच घुमतात. मानेच्या वरच्या तीन मणक्यांतून निघणारे मज्जातंतू आणि चेहऱ्याचा ट्रायजेमिनल हे मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी, एकाच पेशींच्या गर्दीत येऊन मिळतात. म्हणून मान आखडली की कपाळ दुखते आणि अर्धशिशीत मान धरते. मानेच्या खळग्यात टोचलेली सुई डोळ्यामागच्या ठणक्याशी बोलू शकते ती याच वाटेने, असे दिसते. चिनी वैद्यांनी हा खळगा कसा हेरला? हाताने दाबून दाबून, दुसरे काय. अर्धशिशीचा झटका आलेली मराठी बाईही नेमकी तिथेच अंगठा दाबून बसते.

दुसरी गोष्ट मेंदूच्या स्वतःच्या अफूची. १९७५ च्या सुमारास एंडॉर्फिन सापडली. पुढच्या दोन वर्षांत टोरांटोत उंदरांवर आणि अमेरिकेत माणसांवर दिसून आले, की सुईने आलेला बधिरपणा नॅलॉक्सोन या अफूच्या उताऱ्याने पुसला जातो. म्हणजे सुई मेंदूची आतली वखार उघडते. तिसरी गोष्ट पॅरिसच्या ले बार यांनी १९७९ मध्ये मांडली. अंगावर एका ठिकाणी झोंबणारे काही लागले, की मेंदू दुसऱ्या ठिकाणच्या दुखण्याचा आवाज बारीक करतो. कपाळाभोवती आवळलेल्या फडक्याला आणि कानशिलावरच्या डागाला थोडाफार गुण येत असेल तर तो या वाटेने. चौथी गोष्ट २०१० ची, उंदरांवरची. सुई फिरवली की त्या जागी अ‍ॅडिनोसिन वाढते आणि दुखणे कमी होते. गंमत अशी, की चहा-कॉफीतले कॅफिन याच अ‍ॅडिनोसिनची वाट अडवते, आणि डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत मुद्दाम कॅफिनही घातलेले असते. उंदरांवरून माणसाला चहा सोडायला सांगण्याची घाई मात्र कोणी करू नये. सांगितला तरी साताऱ्यात तो कोणी सोडणार नाही.

या चारही गोष्टींत एक उणीव आहे, ती बहुतेक प्रचारपत्रके झाकून ठेवतात. एंडॉर्फिन असो वा अ‍ॅडिनोसिन, त्यांचा अंमल तासांचा. अर्धशिशीच्या परीक्षांतला गुण मात्र शेवटची सुई काढल्यावर तीन-तीन महिने टिकलेला दिसतो. दहा बैठकींनी मेंदूत असे काय बसते की चाळवण्याची सवय मोडावी? झोप सुधारते, मानेचे स्नायू सैलावतात, दुखण्याची धास्ती ओसरते, गोळ्यांचा मारा थांबतो. यांतले प्रत्येक कारण पटण्यासारखे आहे, पुरते सिद्ध एकही नाही. आणि लुटुपुटूची सुईदेखील कातडीला शिवतेच, कधी टोचतेही. या चार वाटांपैकी दोन-तीन तिलाही खुल्या असतात. जर्मनीत दोन सुयांत फरक का पडला नाही, याचे एक उत्तर कदाचित हेच असेल.

जवळपास त्याच आकड्यांवरून दोन देशांनी दोन निवाडे दिले. जर्मनीने २००६ मध्ये ठरवले, की कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च आरोग्यविमा देईल, डोकेदुखीसाठी देणार नाही. तिथल्या गणितात नेहमीच्या औषधांना सुईने मागे टाकायला हवे होते, बरोबरी चालत नव्हती. ब्रिटनने २०१२ मध्ये उलट बाजूने विचार केला. टोपिरामेट आणि प्रोप्रॅनोलॉल ही दोन्ही औषधे सोसली नाहीत किंवा लागू पडली नाहीत, तर पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठकींचा विचार करावा, असे तिथल्या सरकारी मार्गदर्शकाने सांगितले. त्यांच्या घरातलाही एक आकडा होता. इंग्लंड आणि वेल्समधल्या ४०१ रोग्यांच्या २००४ च्या परीक्षेत सुई घेणाऱ्यांचे डोके वर्षाकाठी बावीस दिवस कमी दुखले होते. लुटुपुटूची सुई तिथे नव्हतीच. बावीस दिवस मिळाले ते कोणाच्या हातगुणाने मिळाले, हे त्या परीक्षेने विचारले नाही. प्रस्तुत वक्त्याचा कौल ब्रिटनच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: बावीस दिवस मिळवून देणाऱ्याने त्याचे श्रेय पित्ताशयाच्या वाहिनीला देऊन रोग्याच्या गोळ्या बंद करू नयेत.

महाराष्ट्राने या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. पश्चिम बंगालने तो १९९६ मध्येच केला होता. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्यामुळे ‘नोंदणी आहे का?’ हा प्रश्न आता साताऱ्यातल्या रोग्याला विचारता येतो आणि त्याने तो विचारावा. दुसरा प्रश्न सुईचे पाकीट डोळ्यांसमोर फोडले का, हा. सांगली जिल्ह्याने नव्वदच्या दशकात एचआयव्हीचा काळ फार जवळून पाहिला. वापरलेली सुई म्हणजे काय, हे इथे वेगळे शिकवायला नको. स्वच्छ सुई आणि शिकलेला हात असेल तर धोका किरकोळ. जर्मनीत २,२९,२३० रोग्यांची नोंद ठेवली, तेव्हा ८.६ टक्क्यांनी काही ना काही त्रास सांगितला. तो बहुतेक थोडे रक्त येणे, काळेनिळे होणे, दुखणे असा. फुप्फुसाला इजा झालेले दोन निघाले.

सुईहून मोठा धोका आपल्याकडे गोळीचा आहे. तासगावच्या द्राक्षबागेत फेब्रुवारीच्या उन्हात उभी असलेली बाई असो, की कराडच्या शाळेत सात तास फळ्यासमोर असणारी शिक्षिका, डोके धरले की दुकानातून आणलेली गोळी पाण्याबरोबर जाते. साधी वेदनाशामके महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, आणि मिश्र गोळ्या दहा दिवस किंवा जास्त अशा तीन महिने चालल्या, की गोळीच डोके दुखवू लागते. मग त्यावर पुन्हा गोळी. या गाळातून बाहेर पडताना दुसरा काहीतरी हात धरायला लागतो. दम्याच्या रोग्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, मूल हवे असलेल्या तरुण बाईला व्हॅल्प्रोएट देता येत नाही आणि टोपिरामेटही टाळावे लागते. अशांना सुईचा पर्याय खरोखरच उपयोगी आहे. फक्त डोके अचानक, कधी नव्हे असे फुटल्यासारखे दुखले, तापाबरोबर मान ताठली, हात-पाय किंवा वाचा गेली, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखणे लागले, तर सुईवाल्याकडे नाही, मेंदूच्या डॉक्टरकडे जायचे. त्यासाठी लांब जावे लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी डॉ. वॉनलेस यांच्या रुग्णालयासाठी लोक रेल्वेने मिरजेला येत होते, आणि आजही मिरजेचा तोच लौकिक आहे.

दहा बैठकींचे गणितही कागदावर सोपे आहे. दहिवडीहून साताऱ्याला किंवा जतहून सांगलीला दर आठवड्याला एसटीने यायचे म्हणजे ऊन, उपास, डिझेलचा वास आणि धक्के, आणि हे सारे अर्धशिशीला आमंत्रण देणारे. एका सुईसाठी दोन झटके पदरात पडले, तर जर्मनीचा तक्ता कामाचा नाही. तालुक्याच्या गावी नोंदणीकृत माणूस मिळत असेल तर त्याच्याकडे, नाही तर वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि डॉक्टरने दिलेले प्रतिबंधक औषध हाच मार्ग जवळचा.

आणि जाणाऱ्याने जाण्याआधी चार आठवडे एक काम करावे. आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असते. त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले असतात, सिलिंडर कधी लावला ते लिहिलेले असते. ज्या दिवशी डोके उठेल त्या तारखेला एक फुली, गोळी घेतली तर फुलीभोवती एक गोल. सुरू केल्यावरही तसेच. तीन महिन्यांनी पाने मागे उलटून फुल्या मोजायच्या. त्या मोजताना सुई टोचणाऱ्याला नव्हे, दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला शेजारी बसवावे.